आत्याने बसवलेला रेग्युलेटर

आत्याने शेवटी छोटाच रेग्युलेटर उचलला. भाच्याला शेजारचा मोठा हवा होता, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तो, निळा चकचकीत.

"घेतेच आहेस तर दणदणीत घे ना," तो म्हणाला.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत. आपला पंप केवढा आणि हा धटिंगण केवढा! इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब नेमका राखायचा, एवढंच तर याचं काम. छोटा पुरे."

गॅरेजवाला गालातल्या गालात हसला. या दोघांच्या मध्ये पडण्यात शहाणपण नाही, हे त्याला ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात गॅरेजसमोरच्याच चढावर आत्याची गाडी मध्येच बंद पडली होती, आणि मागे ट्रक होता. तेव्हापासून भाच्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याने गाडीला गिऱ्हाईकच शोधून आणलं. आत्याने भाच्याला एकच अट घातली: दुरुस्ती मी करणार, आणि गाडी हा चढ न थांबता चढली तर ती माझी. बंद पडली तर किल्ली गिऱ्हाइकाची. गिऱ्हाइकाला या अटीचा पत्ताच नव्हता; ते चढाच्या माथ्यावर येऊन उभंसुद्धा राहिलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईची गाडी गेली की तिचं काय काय जातं, हे भाच्याला कळत नव्हतं असं नाही. पण तो ट्रक त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

आत्याने रेग्युलेटर बसवला, इंजिन चालू केलं, नळ्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवून वास घेतला. कुठे झिरपत नव्हतं. मग इंजिनाकडून रेग्युलेटरला येणारी हवेची बारीक नळी तिने काढली, तिच्या तोंडात बोल्ट खुपसला आणि वरचा स्क्रू हळूहळू पिळत दाबाचा काटा बरोबर तीनवर आणला. नट आवळला. नळी परत जोडली.

काटा खाली आला.

"अगं, उतरला की!" भाचा पाना घेऊन धावला. "अजून पिळ!"

आत्याने त्याच्या हातावर चापट मारली.

"हात लावशील तर बघ. उतरायलाच हवा तो. गाडी जागेवर उभी आहे, तिला आत्ता कशाला हवाय एवढा दाब? जा, ॲक्सिलरेटर दाब जरा."

त्याने दाबला. काटा टुणकन वर गेला.

"बघ. मागेल तेव्हा देतो," आत्या हात पुसत म्हणाली. "चल, बस."

"मी चालवू?"

"बाजूला बस."

चढ सुरू झाला. मागच्या वेळी गाडी थांबली ती जागा जवळ आली, तसा भाचा आरशात मागे बघू लागला. आत्याने गिअर उतरवला आणि पाय दाबला. इंजिनाने एकही आचका दिला नाही. ती जागा मागे पडली, वळण मागे पडलं, आणि भाचा, दोन पोरांचा बाप, लहान मुलासारखा ओरडला, "चढली! आत्या, चढली!" आत्याला इतका आनंद झाला की समोर कोणी नसतानाही तिने हॉर्न वाजवला, आणि माथ्यापर्यंत वाजवतच राहिली.

वर गिऱ्हाईक खुशीत पुढे आलं. बॉनेटवर थाप मारून म्हणालं, "काय ओढते हो! द्या किल्ली."

भाचा खिडकीतून बाहेर वाकला. आत्या काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "माफ करा काका. विकायची नाही."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"अहो, असं कसं?" गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. "मी हीच गाडी घेऊन घरी जाणार होतो. येताना रिक्षा सोडून दिली मी!"

आत्याने हात लांब करून मागचं दार उघडलं.

"मग बसा ना," ती म्हणाली. "सोडते."