पुढच्या तीन चित्रांतली अंगठी

लेम्युएलने अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतकऱ्यांवरच्या प्रेमकाव्यासाठी काढलेली सहा चित्रं बोस्टनच्या प्रकाशकापुढे मांडली. नायिका म्हणून शेजारची टॅबिथा सहा महिने दर शनिवारी त्याच्यासमोर चरखा घेऊन बसली होती. "चित्रं झकास आहेत हो, पण ही लग्नाची अंगठी कुठून आणलीत?" प्रकाशक म्हणाला. "आपले पूर्वज असली अंगठी पाप समजायचे. पहिल्या तीन चित्रांत नाही, पुढच्या तिन्हींत आहे." "मी समोर दिसेल तेच काढतो," म्हणता म्हणता लेम्युएलने चौथं चित्र जवळ ओढलं. "मग खरवडून टाका." प्रकाशकाने चाकू पुढे सरकवला. लेम्युएल पात्याच्या टोकाने तिच्या बोटावरची शाई खरवडू लागला. तिसरं चित्र संपत आलं त्या दिवशी चरखा थांबवून टॅबिथाने विचारलं होतं, "लेम्युएल, चित्रं सोडून तुला माझ्याशी काही बोलायचंय का?" टाक न थांबवता तो म्हणाला, "हनुवटी जरा वर."