चार इंचाची काडी

“एकशे दोन,” जुबेर म्हणाला.

त्याने ती लाकडी काडी डिजिटल व्हर्नियरमधून काढली आणि दुसरी धरली. एकशे दोन. तिसरीही तेवढीच. दहाच्या दहा काड्या मोजून झाल्या, आकडा हलला नाही.

“एकशे एक पॉइंट सहाच्या वर चालत नाही, अब्बा. किती वेळा सांगू?”

जब्बारने नुसती मान हलवली. नंदुरबारच्या या गल्लीत चाळीस वर्षं त्याचा लाकूड कातायचा खराद फिरत होता. पाळण्याचे खांब, खाटेचे पाय, लाटणी. पन्नास लाटणी ओळीने ठेवली तर आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे त्याला स्वतःलाही सांगता येऊ नये, असा हात. आता लाटणी मशीनवरची येतात आणि पाळणे लोखंडाचे. खराद आठवड्यातून दोन दिवस फिरला तरी पुष्कळ.

जुबेर सुरतेबाहेरच्या एका गोल्फच्या मैदानावर सामानाच्या खोलीत कामाला होता. तिथलं गवत मे महिन्यातही हिरवंगार. या अख्ख्या गल्लीला आठवड्यात मिळत नाही तेवढं पाणी ते एका सकाळी पितं. साहेब लोक तिथे जमिनीत काडी खोचतात, तिच्यावर चेंडू ठेवतात आणि हाणतात. काडी उंच असली की चेंडू उचलून मारता येतो, म्हणून प्रत्येकाला उंचच हवी. पण नियम चार इंचांचा, म्हणजे एकशे एक पॉइंट सहा मिलिमीटरचा. त्याच्या वर गेली की खेळणाऱ्याला दंड. माणसाच्या ताटात किती पडावं याला कुठे एवढं काटेकोर माप नाही. चेंडूला आहे.

मैदानाच्या मॅनेजरला पुरेपूर चार इंची, चांगल्या लाकडाच्या काड्या हव्या होत्या. जुबेरने बापाचं नाव सुचवलं. नमुना पास झाला की दर महिन्याला काम, लाकूड पार्सलने येणार आणि काड्या पार्सलने जाणार. मग मला हेलपाटे नकोत, असं जुबेर पहिल्याच खेपेला म्हणाला होता.

हा पाचवा नमुना होता.

या नमुन्यांच्या आधी जुबेर फक्त ईदला यायचा. आई गेल्यापासून एक ईद चुकलीही होती. आता दर दुसऱ्या शुक्रवारी येत होता. जब्बार सकाळीच मटण आणून ठेवायचा. एरवी त्याचं जेवण खरादाच्या फळीवरच व्हायचं, पातेल्यातूनच.

“मापाचा तुकडा दाखवा,” जुबेर म्हणाला.

जब्बारने शिसवीचा तुकडा पुढे केला. हा तुकडा फळीवर उभा करायचा, शेजारी काडी उभी धरायची, तुकड्याच्या माथ्याला सुरी लावून काडीवर खूण करायची आणि तिथे कापायचं. सगळी कामं तो अशीच करत आला होता. जुबेरने तुकडा मोजला. एकशे एक पॉइंट सहा.

“माप तर बरोबर आहे. म्हणजे...”

पुढचं तो बोलला नाही. शेजारच्या ओट्यावर मिरचीची देठं खुडत बसलेली सिंधुबाई बोलली. “हात गया तुन्हा, जब्बारभाऊ. मन्ही सूनले देयेल लाटनं बी वाकडंच व्हई मंग.”

हेच कोणी दोन वर्षांपूर्वी बोललं असतं तर जब्बारने त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पिटाळला असता. आज तो खाली वाकला. व्हर्नियर काढताना जुबेरच्या खिशातून गाडीचं तिकीट पडलं होतं. ते उचलून त्याने आपल्या खिशात टाकलं. भुशात कागद गेलेला त्याला चालत नसे.

“थोडी आखूड करा ना,” जुबेर म्हणाला. “पावणेचार करा. मॅनेजरला मी समजावतो.”

“चार सांगितल्यावर पावणेचार देणारा खरादी मी नाही.”

“आणि चारच्या वर देणारा आहात?”

जब्बारने सुरी उचलून नवी काडी तासायला घेतली.

जुबेरने मग सांगून टाकलं. मॅनेजर म्हणाला होता, ही शेवटची खेप. नाहीतर प्लॅस्टिकच्या घेऊ. जब्बारच्या हातातली सुरी थांबली. बराच वेळ तो खाली साचलेल्या भुशाकडे बघत राहिला. त्याला तसा बघून जुबेर फोन घेऊन बाहेर गेला. तो मॅनेजरला काय काय म्हणाला ते सगळं गल्लीने ऐकलं. वडील आहेत साहेब, म्हातारे आहेत, एकटे आहेत, डोळे कमी झालेत, एक वेळ अजून द्या. ज्याने आयुष्यात लाकडाचा लहानसा तुकडाही वाया घालवला नाही त्याच्यासाठी पोराने एका मैदानवाल्यापुढे असं तोंड वेंगाडावं. जब्बार ऐकत होता. कान लाल झाले, पण तो उठला नाही.

जुबेर आत आला. “मिळाली एक खेप. पण आता पंधरा दिवस थांबायचं नाही. परवा रविवारीच येतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो तुम्हाला.”

“तुला त्रास.”

“असू द्या.”

दोघं जेवले. जुबेर संध्याकाळच्या गाडीने गेला. जब्बार त्याला कोपऱ्यापर्यंत सोडून आला आणि दोन ताटं घासून उपडी घातली.

“आते तरी नीट कर भाऊ,” सिंधुबाई देठांचा ढीग सुपात भरत म्हणाली. “पोऱ्या किती पळी ऱ्हायना तुन्हासाठे.”

“करतो,” जब्बार म्हणाला.

आत येऊन त्याने फळी पुसली. शिसवीचा तुकडा उभा केला, शेजारी नवी काडी धरली. मग खिशातलं सुरत-नंदुरबार तिकीट काढलं, दुमडून दुमडून त्याच्या चार घड्या केल्या, त्या तुकड्याच्या बुडाखाली सरकवल्या आणि उंचावलेल्या माथ्याला सुरी लावून काडीवर खूण केली.