बसायची चोरी

सत्यभामा उभ्यानंच लेकीला पाजत होती. पाठ भिंतीला, एक पाय उंबऱ्यावर. बाळंत होऊन बाविसावा दिवस. बाजेवर मऊ गोधडी होती, तरी बाई उभी.

"राणीसाहेब, बूड टेकलं तर बाज मोडंल का?" सासू म्हणाली.

सुनेनं पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं. ताटातली भाकरी तशीच होती. डिंकाच्या लाडवाचा नुसता कोपरा मोडलेला. दोन आठवड्यांपासून हेच चाललं होतं. पोरीला दूध पुरत नव्हतं. रडून रडून तिचा घसा बसला होता.

सासू म्हणजे सुंदरबाई, गावच्या महिला दूध संस्थेची चेअरमन. शाळा सहीपुरती झालेली, पण तिच्या जिभेपुढं ग्रामसेवकसुद्धा टिकत नसे. दुष्काळाचं वर्ष. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. संस्थेच्या मीटिंगमध्ये तिनं बायांना बजावलं होतं, "सोता घोटभर कमी प्या, पन म्हशीचं पानी तोडू नका. पानी तुटलं की दूध तुटतंय." घरात तर तिचा हुकूमच होता. दोन म्हशींना सहा बादल्या. बाळंतिणीला दिवसाला दोन तांबे, तेही उकळून. ओल्या बाळंतिणीनं पाणी जास्त पिऊ नये, असं तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं. पालेभाजी बंद, फळ बंद. दारात सरकारी संडास होता, पण त्यात पेंडीची पोती रचलेली. संडासात ओतायला पाणी कुणाच्या घरचं आणायचं? बायकांनी अंधार पडल्यावर ओढ्याकडं जायचं. तोवर दाबून धरायचं.

सुंदरबाईला सगळं कळत होतं. पाचव्याच दिवशी तिला गोधडीवर डाग दिसला होता. तो बाळंतपणाचा नव्हता, हे तिनं एका नजरेत ओळखलं. गोधडी उलटी करून घातली आणि गप्प राहिली. बोललं असतं तर "तुमाला कसं कळलं?" हे निघालं असतं. उत्तर होतं, सांगायला तोंड नव्हतं. मग आत जे खात होतं त्याचे ती टोमणे करायची. जितकं मन जास्त खायचं, तितकी जीभ जास्त चालायची.

दुपारी उपकेंद्राची नर्स मालनबाई आली. तिनं पोरीला झोळीत घालून काट्याला लावलं. वजन जन्मापासून जवळजवळ तेवढंच होतं.

"कावून जेवत न्हाईस गं?" तिनं सत्यभामाला विचारलं.

"भ्या वाटतं."

"जेवायचं?"

"जेवल्यावर परसाकडं जावं लागतंय." तिनं पदर तोंडाला लावला. "काचा भरल्यावानी होतंय. रगत पडतंय. आठव्या महिन्यापासनं हाय."

मालनबाईनं दार लोटून तपासलं. हात धुऊन बाहेर आली, ती सुंदरबाईपुढंच उभी राहिली.

"चेअरमनबाई, म्हशीला किती पानी पाजता?"

"एकीला तीन बादल्या. दुभती हाय ती."

"आन ही कोन हाय?"

सुंदरबाई ताटातली भाकरी झाकायला वाकली.

"मूळव्याध हाय तिला," मालनबाई म्हणाली. "पोटात लेकरू वाढलं की खाली भार पडतो, त्यात पानी कमी पडलं की मळाचा खडा धरतो. बाळंत व्हताना जोर लावला, आनखी वाढलं. लई बायांना होतंय, बरं बी होतंय. पानी भरपूर पाजा. पालेभाजी द्या, पपई द्या. कळ आली की जाऊ द्या, कुंथायचं न्हाई. दिवसातनं दोन-तीन येळा कोमट पान्यात बसवा. ह्यो मलम लावा. आठ दिवसांत रगत थांबलं न्हाई, न्हाईतर जास्त गेलं, घेरी आली, तर वाट बघू नका, आष्टीला डाक्टरकडं न्या."

"घमेलंभर पानी बुडाखाली घालवायचं? ह्या दुष्काळात?" सुंदरबाईची जीभ सवयीनं बोलून गेली.

"बसून झालं की तेच संडासात ओता. आन आधी ती पेंड भाईर काढा."

मालनबाई गेली. सुंदरबाईनं पदर खोचला आणि पोती एकटीनं ओढून बाहेर काढली. शेजारची सरूबाई मदतीला आली, तर तिला परत पाठवलं. मग म्हशींच्या पिपातलं पाणी काढून चुलीवर ठेवलं. घमेलं न्हाणीत नेलं. कोपर बुडवून पाणी बघितलं, सुनेचा हात धरला आणि तिला हळूच बसवलं.

सत्यभामानं डोळे मिटले. बाविसाव्या दिवशी ती पहिल्यांदा बसली होती. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटताना सुंदरबाईनं पाहिल्या. प्रत्येक आठी आपणच घातलेली आहे, असं तिला वाटलं.

पाण्याचा तांब्या सुनेच्या हातात देऊन ती न्हाणीच्या दगडाला धरून उभी राहिली.

"म्या पाचव्याच दिवशी वळखलं व्हतं," ती म्हणाली. "बोलले न्हाई. मला बी हाय ते. तुझ्या नवऱ्याच्या बाळंतपनापासनं. अठ्ठावीस वरसं झाली, ह्या कानाचं त्या कानाला कळू दिलं न्हाई."

सत्यभामा खाली पाण्याकडंच बघत होती.

"मला म्हाईत हाय, आत्या," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं तुमची लुगडी मीच धुते. तुमी कवा बोलला न्हाईत, म्हनून मला वाटलं, ह्ये बोलायचं नसतंय."