ड्वेनची दाढ

"आ करा, सार्जंट. अजून मोठा. घरी बायकोवर ओरडता तेवढा!" दातांचे डॉक्टर मेजर हॉलिस आपल्याच विनोदावर खो खो हसले. सार्जंट ड्वेनची बायको लोरेटा शेजारीच उभी होती, तोंडातली लाळ ओढायची नळी हातात धरून. तिला हसू आलं नाही.

लोरेटा या दवाखान्यात फुकट राबायची. जर्मनीतल्या त्या अमेरिकन छावणीत नवऱ्यामागून आलेल्या बायकांना पगाराचं काम सहसा मिळायचं नाही. मग कुणी वाचनालयात जायची, कुणी शाळेत. लोरेटानं दातांचा दवाखाना धरला तो मात्र मतलबानं. आघाडीवर जाणाऱ्यांत आपलं नाव लागलंय, असं ड्वेननं घरी सांगितलं होतं. किडका दात तोंडात असेपर्यंत लष्कर कुणाला आघाडीवर धाडत नाही. ड्वेनची दाढ चांगलीच किडली होती, आणि दवाखान्यात वेळ देण्याचा फोन लोरेटाच्या हाती होता.

ड्वेनची पाळी आली की ती दुसऱ्याच कुणाला देऊन टाकायची. घरी येऊन सांगायची, "आजही जागा नाही रे राजा. मी तरी काय करू?" ड्वेन गाल धरून बसायचा. हूं नाही की चूं नाही. ती त्याला बटाटे कुस्करून भरवायची, गाल शेकून द्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतक्या गुणानं तो कधी घरात बसला नव्हता. नवऱ्याच्या जिवाला ठणका लावून ही बाई सुखात होती, आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती. कण्हत का होईना, जिवंत तर आहे, एवढंच तिचं म्हणणं.

आज मात्र ड्वेन फोनबिन न करता थेट मेजरच्या दारात येऊन उभा राहिला. आघाडीवर जाणारी तुकडी उद्या निघणार होती. नेमकी मदतनीस रजेवर, म्हणून नळी धरायला लोरेटा.

गाल बधिर झाला. मेजरनी चिमटा उचलला तसा तिचा धीर सुटला.

"मेजरसाहेब, हात जोडते. नका काढू. दाढ गेली की ड्वेनला नेतील हो!"

"कोण नेतंय?" मेजर दाढ हलवत म्हणाले. "याची तुकडी तर इथंच राहतेय. हाच मागं लागला होता, मला त्या जाणाऱ्या तुकडीबरोबर पाठवा म्हणून. घरी बोलला नाही वाटतं?"

दाढ निघाली. मेजरनी खड्ड्यात कापसाचा बोळा दाबला आणि हात धुवायला ते आत गेले.

"ड्वेन, हे खोटं आहे ना?"

त्यानं मान हलवली. खोटं नव्हतं.

लोरेटाला रडू फुटलं. "अरे, मी तुझ्यासाठी काय काय केलं! तुझी वेळ मीच दुसऱ्यांना देत होते, दर वेळी. तू जगावास म्हणून."

ड्वेननं बोळा काढून हातात घेतला. "ठाऊक होतं मला."

"मग एवढं ठणकत असताना गप्प का बसलास?"

"दाढ दुखत होती," तो म्हणाला, "तोवर तुझ्याशी बोलावं लागत नव्हतं."