दुसऱ्याच्या मापाचे बूट

स्थळाचं बोलायला कऱ्हाडहून आलेली आई बाल्कनीत फतकल मारून बसली होती. मांडीवर काळे बूट, शेजारी फ्रिजच्या दारातल्या तिन्ही इवल्या बाटल्या. ऑफिसातून आलेला अनीश खांद्यावरची बॅग न उतरवताच तिच्याकडे गेला.

बाटल्या पॉपर्सच्या होत्या, हुंगून क्षणभर झिंग आणणाऱ्या; पण लेबलवर छापलं होतं ‘लेदर क्लीनर’. जयवंत इथे राहायचा तेव्हा दोघं वेगवेगळे ब्रँड मागवत आणि रविवारी दुपारी त्यावरून तावातावाने भांडत. जयवंत पिवळीच्या बाजूने, अनीश निळीच्या. मग जयवंत गावी जाऊन लग्न करून मोकळा झाला. तेव्हापासून ती झाकणं कोणी उघडली नव्हती. एकट्याने हुंगून भांडायचं कोणाशी?

"पिवळीतलं चांगलं आहे," आई म्हणाली. "निळीतलं नुसतंच उडून जातं. वासाने मात्र डोकं गरगरलं माझं."

तिनेही जयवंतचीच बाजू घेतली होती.

"घातक असतं ते, आई." अनीशने घाईघाईने झाकणं लावली.

आईने बूट उजेडात धरला. "क्लीनर तीन-तीन, आणि घरात चामड्याचा जोड एकच. तोही तुझ्या मापाचा नाही."

अनीश बाटल्या गोळा करू लागला.

"न्यायला येईल का तो?"

"नाही येणार."

आई गुडघ्यावर हात टेकत उठली. दाराशी अनीशच्या चपलांना खेटून तिने बूट ठेवले. स्थळाचं काही बोलली नाही.

"राहू देत इथेच," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला आले की पुन्हा पुसेन."