येते हं

रस्ता ठरवला होता सिंहगडाचा; तरी सायकलीवरच्या कॉम्प्युटरने आजही ऋजुताला पहिल्याच चौकातून घराकडे वळवलं. हँडल त्याच्याच ताब्यात, तिचं काही चालेना.

"बाळ झाल्यापासून मी लांब जाऊ नये म्हणून तूच काहीतरी करून ठेवलंयस," ती नवऱ्यावर करवादली.

"अगं बाई, तो तुझ्याशिवाय कुणाचं ऐकतो का?" निनाद म्हणाला.

तिने संशयानेच कॉम्प्युटरच्या नोंदी उघडल्या. रोज निघताना लेकीला म्हटलेलं 'येते हं' त्याने हुकूम म्हणून टिपलं होतं, आणि इमानाने तिला परत आणलं होतं.

"मग 'जाते' म्हण की!" निनाद म्हणाला.

लेक रांगत दारात आली होती. ऋजुताची जीभ रेटेना. तिने सायकलीवरून कॉम्प्युटर काढून निनादच्या हातात ठेवला.

"येते हं, बबडे," म्हणाली आणि सिंहगडाकडे निघाली.