चौकटीवरचा देव

“चपला बाहेर काढा. आधी देवाच्या पाया पडा, मग काय ते विचारा,” घागकाकू दारातच म्हणाल्या.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात माझे पणजोबा गिरणगावातल्या याच खोलीत कसे राहत, ते शोधायला मी आलो होतो. देव म्हणजे चौकटीवर कोरलेली, शेंदूर फासलेली तीन इंग्रजी अक्षरं.

मला हसू फुटलं. “काकू, हा कसला देव! प्लेगच्या साथीत इंग्रज साहेबानं कोरलेली खूण आहे ही. खोली माणसांना राहण्यालायक नाही, असा तिचा अर्थ.”

काकूंनी आत पाहिलं. सासरे खाटेवर, मुलगा खाटेखाली, सून मोरीपाशी, नातवंडं माळ्यावर.

“तुमचे पणजोबा राहिले, आता आम्ही राहतोय,” त्या म्हणाल्या. “मग ते कुणाच्या कृपेनं?”

मी चपला काढल्या.